दुरुस्ती

चर्चसमोर मडगावची बस थांबली तेव्हा उतरणारे आम्ही दोघंच :
मी, आणि बर्फात ठेवलेल्या बांगड्यांची एक टोपली.
टोपलीला घ्यायला माणूस आला होता.

छत्तीस वर्षं मी नकाशाच्या कचेरीत होतो.
शाई, भिंग, कंपास, आणि वरून आलेला हुकूम :
या प्रमाणात एवढीच गावं.
शहाऐंशी साली, दक्षिण गोव्याच्या तक्त्यावर,
रुळांची रेघ आणि नदीची रेघ
जिथे अंगाला अंग घासून जातात
तिथे तीन अक्षरांना जागा उरली नव्हती.
मी ब्लेडनं हलकेच खरवडलं.
चांदर गेलं.
कागदावर जरासा खडबडीतपणा राहिला,
बोटाला कळेल इतकाच.
कुणाचं पत्र आलं नाही.

आता निवृत्त. गुडघा कुरकुरतो.
बघायला आलोय की मी खोडलं ते काय होतं.

ताम्रपटांत चंद्रपूर. राजधानी.
तट, वेशी, कुशावतीतून वर येणारा माल,
असं वाचलेलं.
आता एक सलून, एक बेकरी,
आणि शेताच्या कडेला
जुन्या विटांच्या ओळींभोवती कुंपण,
ज्याचं दार नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं.
गाठ सोडवत होतो तर पलीकडच्या घरातून
क्लेमेंतीन बाहेर आली, हात पिठाचे.
"कोण जाय?"
म्हटलं, नंदी.
"थंय आसा. तकली ना ताका,"
हे इतक्या हळू, की घरात म्हातारा झोपलाय
आणि आवाज नको.

नंदी बसलेला. मानेपर्यंत सगळं शाबूत :
वशिंड, घुंगरांची माळ, मुडपलेला पाय,
पाठीवर खारीनं अर्धवट सोडलेली काजूची बी.
मान संपते तिथे दगड उघडा,
पावसाळ्यांनी गुळगुळीत केलेला.
समोर गाभारा नाही, देव नाही,
तरी तो त्याच दिशेला तोंड करून,
तोंड नसताना.

हे मी कुठल्या प्रमाणात काढलं असतं?

क्लेमेंतीननं चहा दिला.
दाराआड पुरुषभर उंचीचं मुसळ, त्याला घुंगरू.
इंत्रुजाला गावातले पुरुष ते अंगणाअंगणात
आपटत नाचतात, तिचा नवराही नाचायचा.
गाण्यात एक राजा लढाई जिंकतो.
कुठला? तिला माहीत नाही.
"पूण जिखता तो."

मग राहवेना. सांगून टाकलं,
ब्लेड, तक्ता, तीन अक्षरं.
ती बशीतला चहा फुंकत राहिली.
वार कोणता होता, म्हणाली.
आठवेना मला.
बुधवार असणार, ती म्हणाली,
बुधवारी इथे वीजसुद्धा जाते.

परतीची बस पावणेसहाला, म्हणजे सव्वासहाला.
मधल्या वेळात नदी :
हिरवट, सुस्त, काठावर केवणीची झुडपं,
पुलाखाली गळ टाकून बसलेला एक पोरगा.
वरून कोळशाची मालगाडी गेली,
इतकी लांब की पोरानं मध्येच डबे मोजणं सोडलं.
पाण्यावर काळी भुकटी उतरली,
जराशी फिरली,
पुढे गेली.

खिशात पेन्सिल होती. सवय.
तिकिटाच्या मागे नदी काढली, रूळ काढले,
मधे ठिपका.
ठिपक्याशेजारी खरोखरच जागा नव्हती,
तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो.
नाव पाण्यातच लिहिलं,
काठाच्या दोन रेघांच्या मध्ये,
तिरकं, प्रवाहाच्या अंगानं.
आमच्या कचेरीत हे चाललं नसतं.

पोरगा खांद्यावरून वाकून बघत होता.
"आनी हांव खंय?"

मी पेन्सिल त्याच्या हातात दिली.
गळ माझ्याकडे.