काचेचं माप

बसथांब्यावर स्फोट झाला, त्या आठवड्यात
नैरोबीच्या आमच्या भागातली काच संपली.
आधी तीन मिलीची, मग चारची, मग नक्षीची.
मोम्बासाहून ट्रक येईपर्यंत
लोकांनी खिडक्यांना पुठ्ठे लावले, गाद्या लावल्या,
निवडणुकीचे जुने बॅनर लावले.
एका पुढाऱ्याचं हसू नऊ दिवस
कुणाच्या तरी न्हाणीघरात अडकून होतं.

मी मुटिंडा. माझ्याकडे टेप, हिऱ्याची कणी, लुकण,
आणि काच धरायला भाचा, क्यालो.
माप घ्यायला घरात शिरलं
की लोक आधी काचेचा भाव विचारतात.
मग बोलतात.

नफुलाबाई म्हणाल्या, काच नकोच, पत्रा ठोक.
उजेड?
उजेडाचं बघू नंतर.
महिन्याभरानं त्यांनीच बोलावून
पत्र्याला तळहाताएवढं भोक पाडून घेतलं.
कोंबड्या उठायची वेळ विसरल्यात, एवढंच म्हणाल्या.

ओधियाम्बो मास्तर भूगोल शिकवतात.
मी चौकट मोजत होतो आणि ते सांगत होते
कुठलं सैन्य कुठल्या सीमेपलीकडे कधी गेलं,
कशाचा सूड कशावर निघाला.
खरं असेल सगळं.
मुलीनं चहा आणून दिला.
मास्तर साखर ढवळत राहिले,
साखर कधीच विरली होती,
चमचा कपावर वाजत होता, वाजत होता.

आणि तो गिटोंगा, मटाटूचा कंडक्टर,
दुसऱ्याच सकाळी त्याच थांब्यावर
दाराला लोंबकळून ओरडत होता, टाउन, टाउन, दोन जागा!
निर्लज्ज, म्हणाले लोक.
त्या दिवशी त्याची गाडी चार मिनिटं उशिरा पोचली होती,
वीस शिलिंगांच्या सुट्ट्यावरून एका म्हातारीशी भांडत बसला म्हणून.
आता तो सुट्ट्यावरून कुणाशीच भांडत नाही.
मालक रोज शिव्या घालतो. घालू दे, म्हणतो.

होदानच्या कापडदुकानाची काच दोनदा फुटली.
सोमवारी स्फोटानं,
गुरुवारी दगडांनी.
मधल्या बुधवारी पोलीस तिच्या मुलाला घेऊन गेले होते;
सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणतात,
पण ओलं जळताना धूर फार होतो.
ती म्हणाली, दोन बिलं कर. वेगवेगळी.
मला वाटलं, विम्यासाठी.
नाही, म्हणाली,
एकत्र बेरीज झाली तर
कुणी काय फोडलं ते मला आठवणार नाही.

काच चढवताना खालची बाजू क्यालोच्या हातात होती.
गुरुवारी दुपारी तो दुकानात नव्हता.
मी विचारलं नव्हतं.
होदाननं वेलची घातलेला चहा दिला, मला आणि त्याला.
त्याच्या कपात साखर जास्त घातली.
का, ते तिला ठाऊक.
तो मान खाली घालून प्यायला,
तोंड भाजलं असणार, पण थांबला नाही.

केमुन्तोनं निरोप धाडला तेव्हा मी टेप घेऊन गेलो.
मोजण्यासारखं काही नव्हतं.
खिडकी शाबूत.
थांबा तिथून दिसतो, फळवालीची छत्रीसुद्धा दिसते,
आणि तिचा नवरा त्या छत्रीपासून दहा पावलांवर
घड्याळ बघत उभा होता.
सगळ्यांच्या फुटल्या, म्हणाली ती,
हिलाच काय झालं होतं?
काढून ने.

मी पोले म्हणालो,
आमच्याकडे मयताच्या घरी तेवढंच म्हणतात,
आणि ठेच लागलेल्या पोरालाही तेच.
लुकण खरवडलं, खिळे काढले,
अख्खी काच हातात आली. जड होती.
मजुरी घेतली नाही.
हे सांगताना मला बरं वाटतं, म्हणून सांगून टाकतो
की बाकी सगळ्यांकडून घेतली,
आणि त्या पैशांत माझ्या घराचं छप्पर पुरं झालं.
कुणी विचारलं, धंदा कसा आहे,
तर तोंडातून "बरा" निघून जातं.

केमुन्तोची काच दुकानात भिंतीला टेकून आहे.
दोन बाय तीन. कुठल्याही चौकटीत बसेल.
गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी म्हणतो, विकली गेलीय.

क्यालो रोज सकाळी ती पुसतो,
दोन्ही बाजूंनी.
मी त्याला सांगितलेलं नाही.