काटा

सफोकमधल्या या चर्चच्या भिंतीवरचा चुना
मी कापसाच्या बोळ्याने काढते, थुंकी लावून.
हो, थुंकीच. तिच्याइतकं मऊ काही नाही.
अकराव्या दिवशी तराजू निघाला.

"न्यायाचा दिवस," मिसेस थर्लो फ्लास्कमधला चहा ओतत म्हणाल्या,
"आता सैतानही निघेल बघ."
निघाला. एका पारड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत.
दुसऱ्यात उघडा, बोटभर जीव.

नेवाशाला बाबांचं किराणा दुकान होतं.
जन्मात कधी काटा मारला नाही.
प्रभुदासने गल्ल्यातले साडेतीनशे उचलले,
त्या रात्री त्याचं ताट उचललं गेलं, कायमचं.
माप ते माप.
रविवारी मात्र प्रार्थनेत
सगळ्यांत मोठ्या आवाजात ऋणं सोडायचे.

साडेतीनलाच अंधारलं. डोक्यावरचा दिवा लावला.
जिवाच्या पारड्याच्या काठावर काहीतरी गुलाबी.
डाग वाटला. पुसला तर अंगठा.
मागे तळहात, त्यावर खिळ्याचा वण,
आणि अंगठा खाली दाबलेला,
गिऱ्हाइकाचं लक्ष नसताना दाबावा तसा.

म्हणजे तो काटा मारतो.
आमच्या बाजूने.

तोंडाला कोरड पडली, काम थांबलं.
बाबा असते तर दुकान बंद करून भांडायला आले असते.

प्रभुदासचा नंबर कुणाकडे असेल?