अकरा बैलजोड्या

आमच्या चिलोएत माणूस घर सोडत नाही,
घरच सोबत नेतो.
खाली ओंडके सारतात, दोर बांधतात,
शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन येतात
आणि अख्खं घर, खिडक्यांच्या पडद्यांसकट,
चिखलातून डुलत निघतं.
वाटेत समुद्र आला तर भरतीची वाट पाहायची.
मग घर पोहतं.

माझ्या लग्नाच्या वर्षी आमचं असंच आलं,
त्याच्या आईच्या जमिनीवरून या टेकडीवर.
अकरा बैलजोड्या. मी मोजल्या होत्या.
मी आत उभी होते, फळीवरचा निळा कप सावरायला.
दोन उतार गेले, एक ओढा गेला, कप पडला नाही.
शुभशकुन, म्हणाले सगळे.
रात्री शिंपले आणि बटाटे उकडले,
सफरचंदाची दारू फिरली,
आणि एरास्मो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला,
मीठ कमी होतं म्हणून.

घर फिरलं की वासे फिरतात, म्हणतात.
आमचे फिरले.
दाराचं तोंड पूर्वेला झालं,
सकाळचं ऊन थेट चुलीवर यायला लागलं.
माणूस तेवढा होता तिथेच राहिला.

सत्तावीस वर्षं.
मारलं नाही कधी. हे आधीच सांगते,
कारण सगळे तेच विचारतात
आणि ‘नाही’ म्हटल्यावर
हायसं वाटून कपातलं ढवळत बसतात.
फक्त माझं बोलणं
त्याच्या लेखी वारा होता,
दार लावलं की थांबणारा.
मी बोलायचं कमी केलं,
मग हसायचं, मग
सॅमनच्या कारखान्यात हातमोज्यांच्या आत
बोटं आहेत की नाहीत हे बघायचंही.

मंगळवारी तो सरपणाला गेला.
मी बटाटे सोलत होते, ते जांभळे, लांबोडके.
एक अर्धा सोलून झाला
आणि मला कळलं, हा मी पुरा सोलणार नाही.
एवढंच.
कुत्रंसुद्धा उठलं नाही.

लोकरीच्या गुंड्यात गुंडाळलेले पगाराचे पैसे.
चष्मा. दाढदुखीच्या गोळ्या.
निळा कप घेतला नाही.
कधी पडायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

धक्क्यावर नावाडी बारिया होता.
त्याने पिशवीकडे पाहिलं, मग टेकडीकडे.
“आणि घर?”
“राहू दे,” मी म्हणाले, “जड आहे.”
त्या अकरांत एक जोडी त्याच्या बापाची होती.
त्याने नेहमीचंच भाडं घेतलं,
सुट्टे मोजून परत दिले,
दुसरं काही विचारलं नाही.
त्याचे उपकार मी विसरणार नाही.

मागे वळून पाहिलं. का पाहू नये?
धुराड्यातून धूर येत होता.
निघताना सवयीने
चुलीत एक लाकूड सारून आले होते मी.
तासभर तरी त्याला ऊब मिळाली असेल.
याचा राग येतो मला, अजूनही,
आणि नाहीही येत.

आता कोयाइकेत, बेकरीच्या वरची खोली.
खिडकीसमोर भिंत.
पहाटे चारला पीठ मळते,
दुपारी झोपते, झोपेत कधीकधी
घर पाण्यावरून येताना दिसतं,
आणि मी किनाऱ्यावरून हाताने खुणावते,
इकडे नको, इकडे नको.
सुखी आहे का? माहीत नाही.
पहिले दोन महिने दोन माणसांचं शिजवत होते
आणि उरलेलं शिळं खात होते.

पण परवा एक गोष्ट झाली.
रात्री एकटीच बोलत बसले होते,
कशाबद्दल ते आठवत नाही,
बहुधा यीस्टबद्दल, किंवा माझ्या आईबद्दल,
आणि शेजारच्या म्हातारीने भिंतीवर ठोकलं.
“बाई, जरा हळू बोला!”

हळू बोला.
मला.

मी उशीत तोंड खुपसून हसले,
खाट हलेपर्यंत हसले,
मग उठून भिंतीपाशी गेले आणि म्हणाले,
“माफ करा हं,”
चांगलं मोठ्याने.