बावन्न पाउंड

सीबीएसच्या मागच्या गाळ्यात माझं मशीन आहे,
टेनिसच्या रॅकेटी विणायचं.
वजन सोडलं की दांडा सावकाश आडवा होतो
आणि तार सोसायचं तेवढं सोसते.
एक वही आहे. नाव, तारीख, पाउंड.
बाकी काही लिहीत नाही मी.

ताजनपुरे हेमलता : साठ.
हा पहिला आकडा. तेव्हा वहीला पुठ्ठा होता.
पुढे नोटांच्या प्रेसमध्ये लागली, तिथून सुटली की थेट यायची,
बोटांना कोऱ्या शाईचा वास.
"वाकचौरे, ढिली ठेवलीत तर पैसे मिळणार नाहीत."
जिल्ह्याचा करंडक अकरा वर्षं तिच्या कपाटात.
मध्ये एक वर्ष नव्हता,
त्या वर्षी तिला मुलगा झाला.

मग अठ्ठावन्न.
खांद्याचं नाव काढलं नाही तिने,
म्हणाली, हल्ली चेंडूच जड बनवतात.
मग छप्पन्न. मग चोपन्न, आणि चष्मा.
मी पेन्सिलीने लिहीत गेलो.

कार्तिकी पगार ओझरची.
शाळेच्या पत्र्यावरून लढाऊ विमानं जायची,
त्यामुळे कशालाच दचकत नाही.
बापाच्या स्कूटरवर मागे बसून पहिल्यांदा आली
तेव्हा सेहेचाळीस.
मनगट एवढंसं, माझ्या पकडीत मावेल असं.
पुढच्या वर्षी अठ्ठेचाळीस. मग पन्नास.

आणि पौषातल्या एका मंगळवारी
एकाच पानावर, एकाखाली एक,
दोघींपुढे बावन्न.
निफाडला पारा चारावर होता.
तार थंडीने काचेसारखी झाली होती,
मी ती आधी तळहातात धरून ऊब दिली.
दोघींच्याही.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी हेमलताने विचारलं,
"ती किती घेते?"
"डॉक्टर दुसऱ्या पेशंटचं सांगतो का?"
हसली. "म्हणजे माझंही तिला सांगितलं नसेल."
"तिने विचारलंच नाही."
हे बोलायला नको होतं.
तिने झिप लावली, उघडली, परत लावली.

मी मॅच बघत नाही. हिरव्या कापडामागे
पाण्याच्या टाकीशी बसतो, ऐकतो.
ताण एकच, पण आवाज दोन :
एक दार लावून घेतल्यासारखा,
दुसरा दार कोणी तरी ढकलतंय असा.
पहिला सेट हेमलताने जिभेवर साखर ठेवून घेतला.
नेटजवळ चेंडू असा ठेवायची
की पोरगी मुरमात घसरत यायची
आणि तोवर तो दुसऱ्यांदा टेकलेला असायचा.
पहिल्यांदा ऐकला तिचा "आई गं".
मग तो ऐकू येईना.

तिसऱ्या सेटमध्ये दार लावल्याचा आवाज
केसभर उशिरा येऊ लागला.
केसभरच.
गुण मोजणाऱ्याला ते दिसलं नसेल,
मला तिथेच कळलं आणि मी टाकीचा नळ सोडला,
तहान नसताना.
टाळ्या झाल्या. मग जरा जास्तच वेळ शांतता.
नेटवर दोघी काय बोलल्या, कोणी सांगितलं नाही.

सोमवारी कार्तिकी आली. "काका, चोपन्न."
लिहिलं.

गुरुवारी हेमलता.
तारा शाबूत, एकही उसवलेली नाही.
"कापा."
शाबूत तार मधूनच कापावी लागते,
एक उभी, एक आडवी, बाहेर बाहेर जात.
कडेपासून सुरुवात केली तर फ्रेम वाकते.
टण्. टण्.
ती मनात मोजत होती, ओठ हलत होते,
नोटांची सवय.

"किती?" मी विचारलं.
चोवीस वर्षांत विचारायची वेळ आली नव्हती,
आकडा तिच्याआधी आत यायचा.
तिने मशीनकडे पाहिलं, वहीकडे नाही.
"तुम्हीच सांगा."

पेन्सिलीला टोक काढायला मी उगाच वेळ लावला.
"आवरा," ती म्हणाली, "सहाला कोर्ट घेतलंय,
आणि ती पोरगी वेळेच्या आधी येते."