पाव गोळी

पोदेराचा भोंपू वळणावर वाजला की पहिली.
मी उठून बसलेलोच असतो,
पाणी कोमट, उशी दुमडून तिच्या पाठीशी,
आणि शालन अजून लाकडाची.
पस्तीस मिनिटं. कधी पन्नास.
मग डाव्या पायाचा अंगठा हलतो
आणि मला कळतं, घर उघडलं.

चोडणच्या धक्क्यावर एकोणतीस वर्षं
मी फेरीबोटीचा दोर टाकला.
ओहोटीला किती ढील द्यायची
ते हाताला ठाऊक असायचं.
इथं हाताला काही ठाऊक नाही.
दुसरी साडेअकराला, बांगड्याच्या तासभर आधी,
कारण मासळी आणि गोळी एकाच दारानं आत शिरतात, डॉक्टर केंकरे म्हणाले,
आणि मासळी ढकलाढकली करते.
शालन तेव्हा हसली होती.
चेहऱ्यानं नाही, तो हल्ली हसत नाही.
खांद्यांनी.

सोसायटीची खातेवही तिच्याकडे असायची,
आकडे टपोरे, काजूसारखे.
आता गोळ्यांची वही मी लिहितो.
एकदा तिनं पेन मागून घेतलं.
ओळीचा पहिला शब्द तांदळाएवढा,
शेवटचा नाचणीएवढा.
"मुंगीची सही," म्हणाली, आणि पेन परत दिलं.

चवथीच्या तोंडावर पिवळी सुरू झाली.
बांबोळीहून येताना रायबंदरला आगुस्तीनच्या फार्मसीत घेतली,
त्यानं पाकिटावर लिहून दिलं: आठ दिवस अर्धी, मग एक.
मी अडकित्त्यानं अर्धी केली, सुपारी कातरावी तशी,
आणि वाटलं, जमलं.
जमलंच म्हणा.
बाराव्या दिवशी ती पाटावर बसून नेवऱ्यांना मुरड घालत होती,
काठ वाकडे, पण तिचे.

मग तिन्हीसांजेला पाहुणे यायला लागले.
तिघे. एक टोपीवाला.
दाराशी उभे, बसत नाहीत, बोलत नाहीत.
"चहा तरी टाका. लोक काय म्हणतील?"
मी म्हटलं, कोणी नाहीय तिथं.
त्यावर तिनं माझ्याकडे जसं पाहिलं
तसं मला परत पाहायला नको.
दुसऱ्या दिवशी मी तीन कप टाकले.
निवल्यावर मीच प्यायलो,
चुलीकडे तोंड करून, उभ्यानं.

डॉक्टर फोनवर म्हणाले, पिवळी उतरवा.
एकदम नको. पाव पाव करून.
"पाव गोळी?" शालन म्हणाली. "चहात बुडवून खायची का?"

पाहुणे कमी झाले. तिघांचे दोघे.
टोपीवाला सगळ्यांत शेवटी गेला.
आणि तिची पावलं पुन्हा उंबऱ्याशी अडकू लागली,
रात्रीतून उंबरा वाढावा तशी.
मी खडूनं जमिनीवर रेघा ओढल्या.
रेघ दिसली की पाय उचलतो,
सपाट जमीनच तिला अडवते.
का, ते मी विचारायचं सोडलं.

काल दिवा लागल्यावर तिनं दाराकडे पाहून विचारलं,
"गेले? येतो म्हणून सांगितलंसुद्धा नाही?"
मला उत्तर सुचलं नाही.
बांबोळीच्या त्या खोलीत, पंख्याखाली,
मीच मान डोलावली होती
माणसं जावीत म्हणून.
तिची पावलं त्यांच्याबरोबर जातील
हे मला तेव्हाच कळलं होतं, निदान अर्धं.

रात्री ती म्हणाली, वही आणा.
थरथरतं बोट रकान्यातून उतरत गेलं,
पांढऱ्या, पिवळ्या, वेळा, पावलं,
मधे थांबलं, वर गेलं, पुन्हा उतरलं.
मला वाटलं, तिला डुलकी लागली.
"पाव कमी येतोय," ती म्हणाली.
"गुरुवारचा. कुठं गेला?"

मी अडकित्ता उचलून उजेडात धरला.
पात्यावर अजून पिवळं होतं.