गंजाचा वाटा

सुपडू अप्पाने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एल्बोला टेकवलं,
मूठ कानाशी धरली
आणि डाव्या हाताने सगळ्यांना गप्प केलं.
"ताई, रेती बोली ऱ्हायनी."

जाडी मोजायचं यंत्र मी त्यानंतर लावलं.
सरळ पाइपवर पाच पूर्णांक एक.
एल्बोच्या बाहेरच्या पाठीवर दोन.
जेल पुसून पुन्हा लावलं.
एक पूर्णांक नऊ.

धुळ्याबाहेर स्टार्चचा कारखाना,
पांझरेच्या जॅकवेलपासून आठशे मीटर लाइन,
चव्वेचाळीस अंशांत तापलेली.
ड्रॉइंग मागवलं.
घडीवर फाटलेलं, चहाचा गोल डाग,
खाली कोपऱ्यात सही:
माझीच,
माहेरच्या आडनावाची.

कोष्टक तेव्हाही पाठ होतं.
पाणी सेकंदाला दोन मीटर,
पंपाच्या तोंडाशी त्याच्या निम्म्याने,
तहानलेल्यालाही घाईने पाजू नये.
वाफेला पंचवीस, तीससुद्धा,
तिला कुठे अंग आहे.
आणि फार हळू ठेवलं
तर गाळ पाय पसरून बसतो.

तासाला साठ घनमीटर:
चार इंचीत दोन मीटर,
तीन इंचीत साडेतीन.
मालकांनी विचारलं होतं,
"तीन इंचीतून पाणी जातं ना?"
"जातं," म्हणाले मी.
ते खरंच होतं.

जाडीचं गणितही चोख.
दाब गुणिले व्यास, भागिले ताणाची दुप्पट;
उत्तर एवढंसं,
कागदाला कागद जोडावा तसं.
त्यात पाइप बनवणाऱ्यांच्या चुकीचे साडेबारा टक्के.
त्यात गंजाचा वाटा, दीड मिलिमीटर:
जो अजून यायचाय
त्याचं पान आधीच मांडून ठेवायचं
आणि वीस वर्षं त्याने पुरवून खायचं.

रेतीचं पान मांडलं नव्हतं.
ती कोष्टकात नव्हती.
होती.
तळटीपेत.

दुपारी अप्पाने एल्बो कापून काढला.
आतून गुळगुळीत,
चुलीजवळच्या जुन्या उलथन्याच्या कडेसारखा.
अप्पाने तो उन्हाकडे धरला,
कळण्याच्या भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून म्हणाला,
"आखो दोन महिना टिकता."
मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असावा.

नवी लाइन चार इंची.
वळणं लांबट, जिथे जमली तिथे.
मालकांचे चिरंजीव आता सही करतात,
त्यांनी विचारलं,
"तीन इंचीतून जात होतं ना?"
या वेळी मी कापलेला एल्बो
त्यांच्या टेबलावर ठेवला.
बिलांवर.

पाणी सोडलं त्या संध्याकाळी
अप्पाने पुन्हा कान लावला.
बराच वेळ.
"काय म्हणतंय?"
"जपेल शे."

अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं,
हे इतक्या वर्षांनीही
मला क्षणभर उशिरा कळतं.

तरी मी मीटर पाहिला.
दोन.