बसल्या जागेचं भाडं

घड्याळ मीच बांधलं फाउस्तिनोच्या मनगटावर,
वाल्पाराइसोच्या दवाखान्यात, तिसऱ्या खोलीत,
छातीचे टाके नुकतेच सुकले होते.
वय? एकाहत्तर.
उंची? होती तेव्हा एकशे सत्तर.
वजन?
त्यानं खिडकीबाहेर बंदराकडे पाहिलं
आणि म्हणाला, बहात्तर.
काटा दुरुस्तीला गेला होता. मी लिहून घेतलं.

एकोणचाळीस वर्षं यानं लोकांना टेकडी चढवली.
तारेला बांधलेले दोन लाकडी डबे,
एक वर निघाला की दुसरा खाली,
मधोमध गाठ पडायची, खिडकीला खिडकी, तेवढीच.
हा वरच्या खोलीत, हातात दांडा.
स्वतः जिना कधी चढला नाही.
आता डबे बंद, कुलूप गंजलेलं,
घर वर, बाजार खाली,
मध्ये दोनशे बारा पायऱ्या.

दर मंगळवारी वही घेऊन येतो.
एक चढ: अठ्ठावीस.
ऑर्तेन्सियानं तळलेली एक एम्पानादा,
खिमा, कांदा, अर्धं अंडं: तीनशे दहा.
म्हणजे अकरा चढ, आणि वर पंधरा पायऱ्या.
त्या पंधरांखाली दोन रेघा.
गुरुवारी वळणावर कुत्रं अंगावर आलं,
छाती धडधडली, आकडा चारानं वाढला.
ते चार त्यानं वजा केलेत.
भीतीचे पैसे घेत नाही, म्हणाला.

याला कसं सांगू,
की घड्याळाला आतलं जळणं दिसत नाही.
ते नाडी चाचपतं, बाकी सगळं
अंदाजपंचे दाहोदरसे.
कुठल्याशा प्रयोगशाळेत कधीतरी
तरणी पोरं पळाली फिरत्या पट्ट्यावर,
तोंडाला मुखवटा, मुखवट्याला नळी,
त्यांच्या श्वासांवरून कुणी एक रेघ ओढली,
आणि त्या रेघेवरून हा चढतोय
पिशवीत दोन किलो कांदे घेऊन.
कांद्यांची रेघेला खबर नाही.

सातव्या आठवड्यात काटा परत आला.
चौऱ्याऐंशी.
आम्ही दोघंही थोडा वेळ काट्याकडेच बघत राहिलो.
मग मी म्हटलं, जड माणूस जास्त जाळतो.
तू चोरलेस बारा किलो,
त्यानं दर चढाला कापले साडेचार.
त्याचे ओठ हलले. दिवसाला दोन चढ, सात आठवडे...
"दीड एम्पानादा," तो म्हणाला,
"जवळजवळ दीड! आणि मी ऑर्तेन्सियाला म्हणत होतो, नको."

संध्याकाळी घरी जाताना दिसला,
खालच्या बंद स्थानकाच्या बाकावर,
मनगट डोळ्यांसमोर धरून.
बस, म्हणाला. बोलू नकोस. बघ.
आम्ही बघितलं.
एक वाढला.
बंदरात कुणीतरी साखळी ओढत होतं.
आणखी एक.
"पाव तास झाला बसून, एकोणीस गेले.
मी काही केलं नाही. कांदेही खाली ठेवलेत."

मी सांगू शकले असते:
यकृत, मेंदू, शिवलेलं हृदय,
झोपेतसुद्धा चालू असतो खर्च.
तो कुलपाकडे बघत होता.
"डबा हलल्याशिवाय
आम्ही कधी भाडं घेतलं नाही."

मग उठला. पिशवी उचलली.
घड्याळात चौऱ्याऐंशी घालून दे म्हणाला,
आणि मी घालेपर्यंत
एक पाय पहिल्या पायरीवर ठेवून थांबला.